लिस्बनच्या जुन्या कलेच्या म्युझियममधला ९३ वर्षांचा म्हातारा

लिस्बनला जाणाऱ्या गोव्याच्या लोकांसाठी हे मुद्दाम लिहितेय. आपल्याकडे आता प्रत्येक वाड्यावरचं कोणी ना कोणी तिकडे आहे, कुणाचा मुलगा, कुणाची सून, कुणी पासपोर्टच्या कामाला जाऊन तिथेच राहिलेलं, आणि घरचे भेटायला गेले की सगळे तेच ते करतात, बेलेंचा टॉवर, जेरोनिमुशचा मठ, रांग लावून ते गरम गरम पास्तेल खायचे, २८ नंबरची ट्राम, आणि झालं लिस्बन. ते सगळं कराच, छानच आहे. पण त्यातला अर्धा दिवस बाजूला काढा आणि म्युझेव नासियोनाल द आर्त आंतिगाला जा, म्हणजे जुन्या कलेचं राष्ट्रीय म्युझियम, आणि तिथे आल्ब्रेख्त ड्यूरर या जर्मन चित्रकाराचं सेंट जेरॉमचं चित्र आहे त्याच्यासमोर शांतपणे बसा. म्युझियमला माझ्याकडून पाचपैकी पाच. चित्राला मार्क द्यायची माझी हिंमत नाही.

मी म्हापशाची, नोकरी बँकेत झाली, चित्रकलेचं शिक्षण वगैरे काही नाही. भाचा लिस्बनला असतो, त्याच्याकडे गेले होते. एका वॉकिंग टूरवाल्याला विचारलं की या म्युझियममध्ये काय बघण्यासारखं, तर तो म्हणाला जुनी चर्चची चित्रं आहेत नुसती, तुम्हाला कंटाळा येईल, त्यापेक्षा बोटीची ट्रिप घ्या. असं लोकांना का सांगतात मला कळत नाही. मी गेले ते खरं म्हणजे आपल्याकडचं काय काय तिथे आहे ते बघायला, हस्तिदंताच्या मूर्ती, गोव्यातली कपाटं, ते सगळं डोक्यात होतं. जेरॉम यादीत नव्हताच. आणि परत आल्यावर हस्तिदंताबद्दल कुणी विचारलं तर मला आठवून सांगावं लागतं, आणि तो म्हातारा मात्र भाजी चिरताना, बसमध्ये बसल्यावर, कधीही समोर येतो.

जायचं कसं ते आधी सांगते. नदीकाठाने बेलेंला जाणारी १५ नंबरची ट्राम असते, तिने काइश द रोशाला उतरायचं आणि समोरच्या पायऱ्या चढून वर जायचं, वर छोटी बाग आहे, तिथून खाली बंदर, क्रेन, कंटेनर आणि पलीकडे तेजू नदी असं सगळं दिसतं, आणि बागेला लागूनच म्युझियम. गुडघे दुखणाऱ्यांनी टॅक्सी करून सरळ वरच्या रस्त्याने, रुआ दाश जानेलाश व्हेर्दिशने यावं. पोर्तुगालात राहणाऱ्यांना सरकारी म्युझियममध्ये वर्षातले ५२ दिवस फुकट प्रवेश आहे, त्यामुळे तुमचे घरचे तिथले रहिवासी असतील तर त्यांना कार्ड बरोबर घ्यायला सांगा, तिकीट आपलं एकट्याचंच काढावं लागतं.

आता ती वास्तू. हे मला आपल्या लोकांना सांगायचंच आहे, कारण तिथे उभी असताना माझ्या अंगावर अक्षरशः काटा आला. हे म्युझियम ज्या वाड्यात आहे तो वाडा सतराव्या शतकाच्या शेवटी बांधलाय आल्व्होरच्या पहिल्या कोंदने, म्हणजे तिथल्या सरदाराने, फ्रांसिश्कु द ताव्होराने. नाव ओळखीचं वाटतंय ना? हाच तो व्हाइसरॉय, १६८१ ते १६८६ गोव्यात होता, ज्याच्याशी संभाजी महाराजांची लढाई झाली. १६८३ साली यानेच फोंड्याच्या किल्ल्याला वेढा घातला होता, आत येसाजी कंक आणि त्यांचा मुलगा कृष्णाजी लढत होते, महाराज स्वतः आले आणि याला मागे फिरावं लागलं. मग नोव्हेंबरात मराठ्यांनी रात्रीच्या ओहोटीत जुवें बेटाचा किल्ला घेतला, हा तो परत घ्यायला गेला तर स्वतः जखमी होऊन कसाबसा जीव वाचवून परतला, आणि मग जुन्या गोव्यात सेंट झेवियरच्या शवापाशी जाऊन आपली अधिकाराची काठी त्याच्यापुढे ठेवली, आता गोवा तूच वाचव म्हणून. पुढे मोगलांची फौज शहा आलमबरोबर कोकणात उतरली म्हणून महाराजांना मागे वळावं लागलं, नाहीतर आपला इतिहास काय झाला असता कोण जाणे. तर तो माणूस इथून परत गेला आणि त्याने लिस्बनमध्ये नदीकडे तोंड करून हा वाडा बांधला. फोंड्यात लहानपण गेलेल्या माणसाने त्या वाड्याच्या जिन्यावरून चढून बघावं, काय वाटतं ते. माझं आजोळ फोंड्याचं. मी त्या जिन्याच्या कठड्याला हात लावला आणि थोडा वेळ तशीच उभी राहिले, भाचा पुढे निघून गेला होता.

आतलं सगळं सांगत बसत नाही, खूप आहे. सोन्याचं एक मोन्स्ट्रन्स आहे, म्हणजे चर्चमध्ये पवित्र भाकर दाखवायला ठेवतात ते, १५०६ साली जिल व्हिसेंतीने घडवलेलं, आणि त्याचं सोनं वास्को द गामाने दुसऱ्या सफरीतून परत येताना आफ्रिकेतल्या किल्व्याच्या राजाकडून खंडणी म्हणून आणलेलं. कारागिरी बघून तोंडात बोट जातं आणि सोनं कुठून आलं ते आठवलं की तेच बोट खाली येतं, दोन्ही खरं आहे आणि दोन्ही बरोबर घेऊनच ते बघावं लागतं. जपानी पडदे आहेत, मोठमोठे घडीचे, त्याच्यावर पोर्तुगीज लोक फुगलेल्या विजारी घालून नागासाकीच्या बंदरात उतरताना दाखवलेत, ते काळं मोठं गलबत गोव्याहून निघून मकावमार्गे तिथे जायचं, हे माहीत असलं की त्या पडद्यात आपण काहीतरी शोधायला लागतो. गोव्यातल्या हस्तिदंती मूर्ती आहेत, बाल येशू मेंढपाळाच्या रूपात, डोळे मिटून गालाला हात लावून बसलेला, खाली डोंगर, झरे, मेंढरं. आपल्या इथल्या कुणा कारागिराने कोरलंय ते, नाव नाही, पण हात आपल्याकडचाच, त्या बाळाचं ध्यान बघितलं की कळतं. हे बघताना मला अभिमानही वाटला आणि रागही आला.

चर्चेत असणारी चित्रं दोन. एक म्हणजे नूनु गोन्साल्व्हिशचे सेंट व्हिन्सेंटचे सहा फलक, पंधराव्या शतकातले, जवळजवळ साठ चेहरे, राजे, पाद्री, कोळी, सगळे दाटीवाटीने उभे, पोर्तुगीज लोकांना त्याचं फार, शाळेच्या पुस्तकात असतं म्हणे. आणि दुसरं बॉशचं सेंट अँथनीचं तीन फळ्यांचं चित्र, त्यात उडणारे मासे, जळणारं गाव, माणसाच्या अंगाला नको ते अवयव, लहान मुलांना ते प्रचंड आवडतं, तिथे गर्दी असते. त्या चित्रातही मधोमध संत मान वळवून आपल्याकडे बघतो, पण भोवती एवढा गोंधळ चाललाय की त्याची नजर आपल्यापर्यंत पोचत नाही, निदान माझ्यापर्यंत पोचली नाही. चांगलंच आहे ते चित्र, बघा.

आणि मग युरोपियन चित्रांमध्येच ते ड्यूररचं.

आकाराने लहान आहे, साधारण ६० सेंटिमीटर उंच आणि ४८ रुंद, आपल्याकडे दिवाणखान्यात आजोबांचा फोटो लावतात त्याहून थोडंसं मोठं. ओकच्या फळीवर तैलरंगात, १५२१ साल. लाल झगा, डोक्यावर टोपी, लांब पांढरी दाढी. एका हातावर डोकं टेकवलंय आणि दुसऱ्या हाताचं बोट समोरच्या कवटीवर ठेवलंय. पुस्तकं आहेत, दौत आहे, क्रूस आहे. बस. एवढंच. आणि तो सरळ तुमच्याकडे बघतोय.

मी पहिल्यांदा पुढून गेले, चार पावलं गेल्यावर काहीतरी राहिलं असं वाटलं आणि परत आले. त्या बघण्यात काय आहे ते मी बराच वेळ शोधत होते. तो रागावलेला नाही. उपदेश करत नाही. दुःखी म्हणावं तर तसाही नाही. दिवसभर वाचत लिहीत बसलेला माणूस, कुणीतरी दारात येऊन उभं राहिलं म्हणून मान वर करतो, आणि ओळखीचं माणूस आहे म्हणून काही बोलत नाही, नुसता बघतो, तशी ती नजर. आमच्या शेजारी एक म्हातारे काका होते, दुपारी सोप्यावर असेच कानशिलाला हात लावून बसायचे, आपण फाटकातून आत गेलो की काही विचारायचे नाहीत, बघायचे, आणि त्या बघण्यातच सगळं विचारून व्हायचं, तसंच. बोट कवटीवर आहे हे पहिल्यांदा लक्षातच येत नाही, कारण डोळे सोडवत नाहीत. मग नजर खाली जाते, बोट दिसतं, कवटी दिसते, मग परत वर डोळ्यांकडे, आणि परत खाली. हे असं किती वेळा झालं काय माहीत. मरण येणार आहे हे काय आपल्याला माहीत नसतं का, सगळ्यांना माहीत असतं, पण हा माणूस ते धमकी म्हणून दाखवत नाही, पुस्तकातली एक ओळ दाखवावी तसं दाखवतो, हे बघ, इथे लिहिलंय, वाचलंस ना?

आणि रंगकाम. दाढीचा एकेक केस. खोटं नाही सांगत, जवळ गेलात की केस सुटे सुटे दिसतात, टोकाला वळलेले, आणि तरी लांबून ती दाढी मऊ दिसते. कपाळाच्या सुरकुत्या, डोळ्याखालची लोंबलेली कातडी, कवटीच्या हाडाचा गुळगुळीतपणा आणि त्यावर टेकलेलं जिवंत बोट, हा फरक त्याने नुसत्या रंगाने दाखवलाय. मोबाईलवरच्या फोटोत यातलं काहीही येत नाही, मी फोटो काढला आणि घरी आल्यावर बघितला तर तो कुठल्याही जुन्या चित्रासारखा दिसतो. हे प्रत्यक्षच बघायला लागतं.

भाच्याने तिथेच उभ्या उभ्या वाचून काढलं की हा म्हातारा खरा होता. म्हणजे जेरॉम नव्हे, जेरॉम तर चौथ्या-पाचव्या शतकातला, बायबलचं लॅटिन भाषांतर करणारा संत, तो कसा दिसायचा कुणाला माहीत असणार. पण चित्रासाठी समोर जो बसला तो अँटवर्पमधला, म्हणजे आजच्या बेल्जियममधल्या शहरातला, खराखुरा म्हातारा. ड्यूररने आधी त्याचं रेखाचित्र केलं, गडद रंगवलेल्या कागदावर काळ्या-पांढऱ्या रंगाने, आणि त्यावर स्वतःच्या हाताने लिहून ठेवलं की हा माणूस ९३ वर्षांचा आहे आणि अजून धडधाकट आहे. ते रेखाचित्र व्हिएन्नाच्या आल्बर्टीना म्युझियममध्ये आहे. मला हे कळलं आणि चित्र आणखी जवळचं झालं. १५२१ साली ९३ वर्षांचा म्हणजे तो जन्मला केव्हा, १४२८च्या आसपास. तेव्हा छापखाना नव्हता. हिंदुस्थानचा समुद्री रस्ता युरोपात कुणाला माहीत नव्हता. त्या माणसाने एका आयुष्यात सगळं जग बदललेलं बघितलं आणि म्हातारपणी एका चित्रकारासमोर बसून असा बघत राहिला. नाव कुणी लिहून ठेवलं नाही, वय मात्र लिहिलं. आणि ५०० वर्षांनी म्हापशाहून गेलेल्या बाईला तो विचारतोय, वाचलंस ना?

एरवी जेरॉमच्या चित्रात सिंह असतो, त्याच्या पायातला काटा जेरॉमने काढला म्हणून तो त्याच्यापाशी राहिला अशी गोष्ट आहे, किंवा तो रानात छातीवर दगड मारून घेताना असतो. ड्यूररने स्वतःच १५१४ साली तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापलेलं जेरॉमचं एक चित्र केलं होतं, त्यात छान उन्हाची खोली आहे, सिंह आहे, कुत्रा झोपलाय, जेरॉम लांब मागे लिहीत बसलाय. सात वर्षांनी त्याने ते सगळं काढून टाकलं, सिंह नाही, खोली नाही, एकदम जवळ आणलं. आणि लोकांना हे इतकं भावलं की अँटवर्पच्या चित्रकारांनी लगेच याच्या नकला काढायला सुरुवात केली, योस फान क्लेव्हने तर असे जेरॉम पुष्कळ केले.

आता हे जर्मन माणसाचं चित्र लिस्बनला कसं आलं? इथे आपला संबंध येतो, आणि हे वाचल्यावर मला ते चित्र परक्याचं वाटेना.

ड्यूरर न्यूरेंबर्गचा, सोनाराचा मुलगा. बादशहा मॅक्सिमिलियन त्याला वर्षासन द्यायचा, तो १५१९ला वारला, म्हणून नव्या बादशहाकडून ते चालू करून घ्यायला हा १५२० साली बायकोला आणि सुझाना नावाच्या मोलकरणीला घेऊन तेव्हाच्या नेदरलँडला निघाला आणि अँटवर्पला मुक्काम केला. अँटवर्पला तेव्हा पोर्तुगालच्या राजाची वखार होती, आपल्या बाजूने जाणारी मिरी, मसाला, सगळं लिस्बनहून तिथे जाऊन विकलं जायचं. ड्यूररची त्या वखारीतल्या लोकांशी चांगलीच दोस्ती जमली. त्याची प्रवासातली डायरी आहे, त्यात तो बारीकसारीक खर्च आणि मिळालेल्या भेटी लिहून ठेवतो, आणि या पोर्तुगीज मित्रांनी काय काय दिलं तर पोपट, साखर, कालिकतचं कापड आणि नारळ, हिंदुस्थानचे नारळ अशीच नोंद आहे! न्यूरेंबर्गच्या माणसाच्या हातात नारळ, काय वाटलं असेल त्याला, फोडला कसा असेल, माझ्या मनात तेच येत राहिलं. वखारीचा प्रमुख ब्रांदाव याच्या घरी कातारीना नावाची वीस वर्षांची काळी मुलगी नोकर होती, तिचंही चित्र ड्यूररने काढलंय, डोळे खाली घातलेली, ते आता फ्लॉरेन्सला आहे. त्या वखारीत माल येत होता तशी माणसंही येत होती, हे विसरून चालणार नाही.

तर त्याच वखारीतला एक मित्र, रोद्रिगु फेर्नांदिश द आल्मादा, त्याला ड्यूररने हे जेरॉमचं चित्र भेट दिलं. विकलं नाही, भेट दिलं, मार्च १५२१मध्ये. डायरीत लिहिलंय की मी काळजीपूर्वक तैलरंगात एक जेरॉम केला आणि रोद्रिगुला दिला. काळजीपूर्वक! आणि रोद्रिगुने खूश होऊन सुझानाला एक डुकॅट, म्हणजे सोन्याचं नाणं, बक्षिशी दिली. चित्र पुढे खूप काळ त्या घराण्यातच राहिलं आणि मग म्युझियमकडे आलं. म्हणजे कुणी लुटून आणलं नाही, राजाने ऑर्डर दिली नाही, चर्चने पैसे मोजले नाहीत, एका मित्राने दुसऱ्या मित्राला दिलं. मला वाटतं त्या चित्रातल्या नजरेत जी जवळीक आहे ती त्यामुळेच आहे. वेदीसाठी केलेलं चित्र शंभर माणसांकडे बघतं. हे एका माणसाच्या खोलीत लावायला केलेलं आहे, तो रात्री हिशेब संपवून वर बघेल तेव्हा समोर हा म्हातारा असावा म्हणून. मिरीचे भाव लिहून लिहून थकलेल्या माणसासाठी कवटीवरचं बोट. माझं निम्मं आयुष्य लेजरमध्ये गेलं, मला ते फार आत कुठेतरी लागलं.

आणि ड्यूररचा आपल्याशी आणखी एक धागा आहे, तो गेंड्याचा. त्याचं गेंड्याचं चित्र तुम्ही कुठे ना कुठे बघितलं असेल, चिलखत घातल्यासारखा दिसतो तो. तो गेंडा गुजरातच्या सुलतान मुझफ्फरशहाने पोर्तुगीज गव्हर्नर आल्फोन्सु आल्बुकेर्कला भेट दिलेला, आणि आल्बुकेर्कने जानेवारी १५१५मध्ये गोव्याहूनच तो गलबतात चढवून पोर्तुगालचा राजा मान्युएलकडे पाठवला, बरोबर त्याचा माहूत ओसें. २० मेला तो लिस्बनला उतरला, राजाने त्याची हत्तीशी झुंज लावली तर हत्तीच पळून गेला, मग पुढे पोपला नजराणा म्हणून पाठवला आणि इटलीच्या किनाऱ्यावर गलबत बुडालं, बिचारा साखळदंडात बांधलेला, पोहता आलं नाही. ड्यूररने तो कधीच बघितला नाही, कुणाचं तरी पत्र आणि स्केच बघून चित्र केलं. बेलेंच्या टॉवरवर त्या गेंड्याचं दगडी तोंड कोरलंय, झिजलंय आता पण आहे, टॉवर बघायला जाल तेव्हा भाच्याला पुतण्याला दाखवायला सांगा. गोवा पोर्तुगीजांनी १५१० साली घेतला, पाच वर्षांत इथून गेंडा गेला आणि दहा-अकरा वर्षांत इथल्या किनाऱ्याचा माल हाताळणाऱ्या माणसाच्या भिंतीवर हा जेरॉम लागला.

म्हापशाच्या लोकांसाठी अजून एक. आपलं मिलाग्रीसचं चर्च आहे ना, ईस्टरनंतर मिलाग्र सायबिणीच्या, म्हणजे मेरीमातेच्या, फेस्ताला आपण सगळे हिंदू तेल घेऊन जातो, शिरगावच्या लईराई देवीची ती बहीण असं मानतो, ते चर्च सेंट जेरॉमचं चर्च म्हणूनही ओळखतात. बाहेरच्या माणसाला विचारा, गुगलला विचारा, सेंट जेरॉम चर्च म्हापसा. आम्हाला सायबीण म्हणजे घरची, आईच्या तोंडी नेहमी तिचंच नाव असायचं, त्यामुळे जेरॉमकडे कधी कुणाचं लक्ष गेलं नाही. आणि लिस्बनचा तो जेरोनिमुशचा मठ, जिथे सगळे फोटो काढतात, तोही या जेरॉमच्याच पंथाच्या साधूंसाठी बांधलेला. म्हणजे बघा, त्याच्या नावाचा मठ बघायला दिवसभर रांगेत उभे राहतात लोक, आणि तो स्वतः ट्रामच्या वाटेवरच, टेकाडावर, शांत खोलीत बसलाय.

भाच्याला चित्र फारसं आवडलं नाही हेही सांगायला पाहिजे. तो म्हणाला, मावशे, कवटी बघून काय करायचं गे, चल चहा घेऊया. तरुण आहे, त्याचं खरंच आहे. वीस-पंचविशीत हे चित्र मला तरी किती कळलं असतं. पण मग तो कॉफी घेऊन यायला म्हणून गेला आणि बराच वेळ आला नाही, बघते तर दाराशी उभा राहून तिथून त्या चित्राकडेच बघत होता. लांबून पण बघतो गे तो, म्हणाला. हो, लांबूनही बघतो. खोलीच्या कुठल्याही कोपऱ्यात जा.

जुन्या गोव्याच्या पुरातत्त्व म्युझियममध्ये व्हाइसरॉयांची चित्रं आहेत ती मी लहानपणापासून बघत आलेय, एकामागून एक सगळे उभे, हातात काठी, छातीवर क्रूस, १५४७ला जुआंव द काश्त्रुने ती काढून घ्यायला सुरुवात केली. त्यांच्याकडे बघताना नेहमी वाटायचं की जुनं चित्र म्हणजे हेच, हुद्दा दाखवायला काढलेलं, आपल्या डोक्यावरून पलीकडे बघणारं. परत आल्यावर मी मुद्दाम तिथे जाऊन आले. त्या माणसांना आपण बघतो, ते आपल्याला बघत नाहीत. त्यांच्या पाठीमागे केवढी सत्ता, किल्ले, गलबतं, आणि तो नाव नसलेला म्हातारा कुणाचाच कुणी नाही, तरी लक्षात राहिला तो. आल्व्होरच्या कोंदच्या वाड्यात आज लोक ज्याच्यासमोर थांबतात तो तो कोंद नाही, हा आहे, याचा मला खरंच आनंद झाला.

जाणार असाल तर थोडं वाचून जा, निदान गेंडा आणि नारळ एवढं तरी, मुलांना बरोबर नेणार असाल तर त्यांना आधी ही गेंड्याची गोष्ट सांगा म्हणजे ती ड्यूररचं नाव स्वतःच शोधतील. पाय दुखले तर मागच्या बाजूला बाग आणि कॅफे आहे, झाडाखाली बसून नदी बघत जेवता येतं, आम्ही तिथे सूप आणि ब्रेड घेतला, लिस्बनमधली माझी सगळ्यात निवांत दुपार तीच. आल्बेर्ताश नावाचं एक जुन्या कॉन्व्हेंटचं छोटं चॅपल म्युझियमच्या आतच आहे, सोन्याचा मुलामा दिलेलं लाकडी कोरीव काम आणि निळ्या फरशा, उघडं असेल तर बघा, जुन्या गोव्याच्या वेद्या आठवतील. सगळे मजले बघायचा हट्ट करू नका, आपल्याकडच्या वस्तू बघा, बॉश बघा, आणि उरलेला सगळा वेळ जेरॉमला द्या. सकाळी १० वाजता उघडतं तेव्हाच जा, तेव्हा खोलीत तुम्ही आणि तो एवढेच असता.

मला आता व्हिएन्नाला जाऊन त्या म्हाताऱ्याचं रेखाचित्र बघायचंय, ज्याच्यावर त्याचं वय लिहिलंय ते. भाचा विमानाचे भाव बघतोय. कागदावरची चित्रं उजेडाने खराब होतात म्हणून म्युझियमवाले ती कायम बाहेर ठेवत नाहीत, त्यामुळे कधी मांडणार ते बघूनच निघावं लागेल. तुमच्यापैकी कुणी तिकडे असेल आणि ते मांडलेलं दिसलं तर मला जरूर कळवा. आणि लिस्बनचं सोमवारी बंद असतं, कधी दुरुस्तीची कामं काढली तर काही दालनंही बंद असतात, तेव्हा घरातून निघण्याआधी त्यांच्या वेबसाइटवर नजर टाका.